वाचत राहणारा संगणक आणि दोन वांगणी

संगणकाला वाचून शिकता येईल का, हा आजचा प्रश्न. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. तिचं काम एकच होतं, रात्रंदिवस वेबवरचा मजकूर वाचायचा आणि त्यातून तथ्यं गोळा करायची.

पद्धत सोपी आहे. माणसांनी प्रत्येक प्रकाराची दहा-पंधरा उदाहरणं द्यायची. समजा, मुंबई, पुणे, नाशिक ही शहरं. ‘अमुक शहराचे महापौर’ अशा शब्दांत ही नावं येतात, हे यंत्र टिपतं. त्याच शब्दांत नवं नाव दिसलं, की तेही शहर. नव्या नावांवरून पुन्हा नवे शब्द सापडतात. अडचण अशी, की चूकही अशीच वाढते. नेलने इंटरनेटच्या ‘कुकीज’ना बेकरीचा पदार्थ मानलं आणि मग संगणकातल्या फायलीही त्याच रांगेत नेऊन बसवल्या! म्हणून तिथे अनेक पद्धती एकमेकींना तपासत, आणि माणसंही अधूनमधून चुका काढत. तरी पहिल्या ६७ दिवसांत जमलेल्या सुमारे २ लाख ४२ हजार तथ्यांपैकी अंदाजे ७४ टक्केच बरोबर होती.

आता हे यंत्र मराठी वाचायला बसवू. वांगणी म्हटलं की मध्य रेल्वेवरचं, बदलापूरच्या पुढचं स्टेशन आठवतं. ते ठाणे जिल्ह्यात. दुसरी वांगणी जव्हार-मोखाडा भागात. स्टेशनाबद्दल लिहिलेलं जास्त, त्यामुळे मोजदाद करणारं यंत्र दोन्ही गावं एकच समजणार. शिवाय ‘जव्हार पोलीस ठाण्यात’ हे शब्द वाचून ते जव्हार ठाणे शहरात आहे असंही ठरवेल.

गंमत म्हणजे जुना मजकूर खोटा नाही. जव्हार १९४८ पर्यंत संस्थान होतं, नंतर ठाणे जिल्ह्यात आलं, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे नुसतं तथ्य साठवून भागत नाही. ते कधीपासून कधीपर्यंत खरं होतं, हेही नोंदवावं लागतं.

उद्या कुणी दाखला, दवाखाना किंवा योजना यांची माहिती यंत्राला विचारली, तर या वांगणीच्या माणसाला त्या वांगणीचं उत्तर मिळेल. म्हणून गावाबद्दल लिहिताना तालुका, जिल्हा आणि वर्ष लिहा. यंत्राला दोन गावं वेगळी ओळखायला तोच आधार आहे.