खिळा, चावी, झरोका... आता दागिन्यांत!

आजीच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन तुम्ही पाहिली असेलच. तिला कुणी दागिना म्हटलं नाही, पण ऐनवेळी कामी यायची तीच! आता अशाच साध्या वस्तू दागिना होऊन मिरवत आहेत.

खिळ्यापासून कोलोसियमपर्यंत

न्यूयॉर्कमध्ये आल्डो चिपुलो यांनी कार्तिएसाठी १९६९ मध्ये 'लव्ह' ब्रेसलेट घडवलं. ते हातात घालून चक्क स्क्रू ड्रायव्हरने घट्ट करायचं. १९७१ मध्ये त्यांनी वाकवलेल्या खिळ्याचं ब्रेसलेट आणलं. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सचा १९५० मधला 'झिप' हार खऱ्या चेनसारखा उघडतो, बंद केला की ब्रेसलेट होतो. बुल्गारीच्या १९९९ च्या 'बी.झिरो१' अंगठीमागे रोमचं कोलोसियम आहे.

आपल्याला हे परकं नाही. बोरमाळेत बोरं आणि जोंधळी पोतेत ज्वारीचे दाणे आपण कधीपासून गळ्यात घालतो. आता झुमक्यांत राजस्थानी झरोके आणि पेंडंटमध्ये दगडी जाळ्यांची नक्षी दिसते.

घेताना हे पाहा

* कडांवरून बोट फिरवा. टोकं राहिली असतील तर साडीचा, ओढणीचा धागा ओढला जातो. घरात तान्हं बाळ असेल तर गोल कडांचाच दागिना घ्या.
* सोन्यात हॉलमार्क आणि एचयूआयडी क्रमांक तपासा. मोडताना घडणावळीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून हौसेचे वेगळे आकार चांदीत किंवा पितळेत घेतलेले बरे.
* असा एकच ठळक दागिना घाला. खिळ्याच्या ब्रेसलेटसोबत गळा मोकळा ठेवा.

तुमच्या घरातला दागिना

जुनं घर विकलं किंवा पुनर्विकासात पाडलं, तरी त्याची चावी कपाटात पडून असते. टाकवत नाही आणि उपयोगही नाही. ती ओळखीच्या सोनाराकडे न्या आणि तिच्यासारखंच चांदीचं छोटं पेंडंट करून मागा. मूळ लोखंडी चावी मात्र गळ्यात घालू नका, घामाने ती गंजते.

तराजूत हे पेंडंट थोडक्या ग्रॅमचंच भरेल. पण लेकीच्या किंवा सुनेच्या गळ्यात घालताना त्या दाराची, ओसरीची गोष्टही सांगा. नाहीतर पुढच्या पिढीसाठी ती नुसती चावीच राहील.