कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेतील दडलेला दंड

ताट समोरून पाहिले तर गोल दिसते, डोळ्यांच्या पातळीत आडवे धरले तर केवळ त्याची कड दिसते. तबकडीसारख्या सर्पिल दीर्घिकांचेही तसेच आहे. अरुंधती केश तारकासमूहातील ‘एनजीसी ४५६५’ ही दीर्घिका पृथ्वीवरून जवळजवळ नेमकी कडेने दिसते. विल्यम हर्शेल यांनी ती १७८५ मध्ये शोधली. सुमारे चार कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ही ‘सुई दीर्घिका’ एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातून जवळपास माथ्यावर येते. शहरी दिव्यांपासून दूर गेल्यास आठ इंची दुर्बिणीतून ती फिकट, बारीक रेघेसारखी दिसते.

निम्म्याहून अधिक सर्पिल दीर्घिकांच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दंड असतो. समोरून तो सहज ओळखता येतो. कडेने पाहताना मात्र तो तबकडीच्या पातळीत दडतो आणि धुळीचा काळा पट्टा त्याला झाकतो. मग तो ओळखायचा कसा?

उत्तर मध्यभागाच्या फुगवट्यात आहे. दंडातील ताऱ्यांच्या कक्षा कालांतराने अस्थिर होतात आणि तबकडीच्या वर-खाली उचलल्या जातात. असा जाड झालेला दंड बाजूने पाहिला तर भुईमुगाच्या शेंगेसारखा, तिरकस पाहिला तर पेटीसारखा चौकोनी दिसतो. नेमका टोकाकडून पाहिल्यास मात्र तो गोल भासतो आणि फसवतो. १९८१ मध्ये संगणकीय प्रतिकृतींतून हा संबंध प्रथम दिसून आला. वायूच्या वेगांचे मोजमापही दंडाची साक्ष देते.

‘एनजीसी ४५६५’चा फुगवटा असाच पेटीसारखा आहे. अवरक्त किरण धुळीतून बऱ्याच अंशी पार होतात. हबल आणि स्पिट्झर दुर्बिणींच्या अशा छायाचित्रांच्या आधारे जॉन कॉर्मेंडी व जॉन बॅरेंटाइन यांनी २०१० मध्ये या पेटीच्या आत दडलेला लहान, चपटा केंद्रभाग दाखवून दिला. दीर्घिकांच्या मोठ्या टकरींतून घडणारा गोल फुगवटा तेथे आढळला नाही. म्हणजेच ही दीर्घिका बहुधा शांतपणे वाढत गेली.

या अभ्यासाचे मोल आपल्या घरापाशी येऊन ठरते. सूर्य आकाशगंगेच्या तबकडीतच असल्याने आपणही तिला आतून, कडेनेच पाहतो. तिचे समोरून छायाचित्र घेणे मानवाला शक्य नाही. १९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाला अवरक्त प्रकाशात तिचा मध्यभागही पेटीसारखाच दिसला. आकाशगंगा दंडयुक्त आहे, या निष्कर्षाला त्यातून मोठा आधार मिळाला. ती खूण वाचण्याची दृष्टी अशा दूरच्या दीर्घिकांनी दिली आहे.