सिडनी फार्बर

सिडनी फार्बर (३० सप्टेंबर, १९०३ – ३० मार्च, १९७३) हे अमेरिकन बालविकृतिशास्त्रज्ञ होते. लहान मुलांच्या तीव्र ल्यूकेमियावर (रक्ताच्या कर्करोगावर) औषधाने तात्पुरता का होईना, पण निश्चित उतार पडू शकतो, हे त्यांनी १९४८ साली दाखवून दिले. आधुनिक केमोथेरपीच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन व शिक्षण

फार्बर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील बफेलो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. चौदा भावंडांतील ते तिसरे. बफेलो विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ जर्मनीत केला आणि १९२७ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातून ते पूर्ण केले. १९२९ मध्ये ते बोस्टनच्या बालरुग्णालयाचे पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ झाले. शवविच्छेदनाच्या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. विकृतिशास्त्रज्ञाचा संबंध बहुधा मृत्यूनंतरच्या तपासणीशी येतो. एकामागून एक दगावणाऱ्या मुलांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता फार्बर यांचे लक्ष जिवंत रुग्णांच्या उपचाराकडे वळले.

पार्श्वभूमी

तीव्र ल्यूकेमियात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. परिणामी रक्तक्षय, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होतो. रक्त देण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे आणि मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावे.

या संशोधनाचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९२८ साली भारतात आलेल्या ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी मुंबईच्या कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पेशीविभाजनाच्या वेळी नवे डीएनए तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते.

फोलिक आम्ल व त्याचे विरोधक

फोलिक आम्लाने मज्जेचे कार्य सुधारते, तेव्हा ल्यूकेमियातही त्याचा उपयोग व्हावा, अशा अपेक्षेने फार्बर यांनी काही मुलांना फोलिक आम्लाची संयुगे दिली. परिणाम उलटा झाला. रोगाची गती वाढल्याचे त्यांना दिसले. या अपयशातूनच पुढचा विचार सुचला. जे द्रव्य रोगट पेशींना पोसते, ते त्यांना मिळू दिले नाही, तर त्यांची वाढ खुंटली पाहिजे.

लेडर्ली प्रयोगशाळेत भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली फोलिक आम्लाशी रचनेने साम्य असलेली विरोधक द्रव्ये तयार झाली होती. त्यांपैकी अमायनॉप्टेरिन हे द्रव्य फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस वापरण्यास सुरुवात केली. फोलिक आम्लाची जागा बळकावून हे द्रव्य डीएनए निर्मिती रोखते. त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींची वाढ थांबते.

३ जून १९४८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली होती. लेखाच्या शीर्षकातच उताराला ‘तात्पुरता’ असे विशेषण होते. रोग पुन्हा उलटत असे. शिवाय औषधाची विषारी बाधाही होई. मरणाच्या दारातील मुलांना असे औषध देऊन त्यांच्या यातना लांबवू नयेत, असे मानणारे डॉक्टर त्या काळी होते. परंतु या रोगाला औषध दाद देऊच शकत नाही, हा समज मात्र कायमचा मोडला. सुब्बाराव यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले.

उत्तरकार्य

१९४७ मध्ये फार्बर यांनी बालकर्करोग संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. मे १९४८ मध्ये त्यांच्या बारा वर्षांच्या एका रुग्णाला ‘जिमी’ हे टोपणनाव देऊन रुग्णशय्येवरून नभोवाणी कार्यक्रम प्रसारित झाला. बेसबॉलचे सामने पाहण्यासाठी जिमीला दूरचित्रवाणी संच मिळावा, या आवाहनाला श्रोत्यांनी दोन लाखांहून अधिक डॉलर देऊन प्रतिसाद दिला. यातूनच ‘जिमी फंड’ उभा राहिला.

१९५० च्या दशकात फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विल्म्स अर्बुद या मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर ॲक्टिनोमायसिन-डी हे प्रतिजैविक किरणोपचारांच्या जोडीने वापरले. फुप्फुसात पसरलेल्या गाठीही त्याने विरघळत. औषधोपचाराबरोबरच आहार, मानसिक आधार आणि कुटुंबाच्या अडचणींचाही एकाच ठिकाणी विचार व्हावा, या ‘समग्र शुश्रूषे’चा त्यांनी पुरस्कार केला. १९६६ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यासाठी त्यांनी मेरी लास्कर यांच्यासह प्रयत्न केले होते.

वारसा

फार्बर यांच्या संस्थेला १९८३ पासून डॅना-फार्बर कर्करोग संस्था हे नाव आहे. अमायनॉप्टेरिनची जागा मेथोट्रेक्झेट या त्याच गटातील औषधाने घेतली. मुलांच्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्यूकेमियात ते आजही वापरले जाते. एकच औषध अपुरे पडते, हे लक्षात आल्यावर पुढील संशोधकांनी अनेक औषधे एकत्र योजली, आणि तात्पुरत्या उताराचे रूपांतर पूर्ण बरे होण्यात झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संपन्न देशांत कर्करोग झालेल्या ८० टक्क्यांहून अधिक मुले आज बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे.