कम्प्युटर गेलाय, काकू!

"काकू, गाडीचा कम्प्युटर गेलाय." गॅरेजमधल्या मुलानं हे वाक्य इतक्या सहज टाकलं, की दूध नासलंय असं सांगावं! मी जागच्या जागी उभी. आमच्या 2004 सालच्या त्या लहानशा पांढऱ्या गाडीत कम्प्युटर आहे, हेच मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

थोडं मागचं सांगते. गाडी ह्यांनी घेतलेली. 2016 मध्ये हे गेले आणि गाडी दारात बकुळीखाली तशीच उभी राहिली. शेवटी बावन्नाव्या वर्षी मी लायसन्स काढलं. बँकेतली नोकरी संपली तसा दर शनिवारचा नेम झाला, कोल्हापूरहून कागलला आईकडे जायचं. आई चौऱ्याऐंशीची. तिला डॉक्टरकडे न्यायचं, कधी देवळात, कधी नुसतीच हवा खायला. रिक्षात तिचे गुडघे वाकत नाहीत आणि एसटीचा विषयच नको. म्हणजे ही गाडी माझी हौस नव्हे, आईचे पाय आहेत.

2025 साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आठवतं ना? त्याच दिवसांत आईला डोळे तपासायला आणताना हायवेवर गाडी फटकन बंद पडली. संध्याकाळची वेळ, मागून ट्रकचे हॉर्न, शेजारी आई "काय झालं गं, काय झालं गं" करतेय. दोन कॉलेजच्या पोरांनी ढकलून कडेला घेतली. दहा मिनिटांनी आपली आपण सुरू झाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला.

घराजवळच्या गॅरेजात आधी प्लग बदलले. मग कॉईल. मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी "आता बघा काकू, पळतीय कशी!" आणि प्रत्येक वेळी बिल. तरी पडायची ती पडतच होती. सगळं बदलून संपल्यावर शेवटी कम्प्युटर गेल्याचं निदान झालं. नवीन मिळत नाही, पण "जुना बसवून देतो" म्हणाले. साडेनऊ हजार रुपये दिले. पुण्याहून मुलगा फोनवर सांगत होता, "आई, भंगारात दे आता." त्याचंही चुकत नव्हतं. पण 2019 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पर्यावरण कर भरून रजिस्ट्रेशन वाढवलं, 2024 मध्ये पुन्हा आरटीओच्या खेपा घालून पाच वर्षं मिळवली. आणि ह्या वयात नव्या गाडीचे हप्ते कोण भरणार?

एक गोष्ट मात्र मी केली. काढलेला कम्प्युटर परत मागितला. "काय करणार काकू त्याचं?" पोरगं हसलं. मी म्हटलं, माझा आहे, मला दे. बँकेत जन्म गेला, पावती आणि वस्तू हातात आल्याशिवाय मला झोप येत नाही. भाजीच्या पिशवीत घालून घरी आणला.

आठ दिवस गाडी चालली. पण चालली म्हणजे काय, सिग्नलला थरथरायची, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. नवव्या दिवशी दारातच बसली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही.

मग ह्यांचे जुने मिस्त्री आठवले. शिवाजी उद्यमनगरात एका बोळात त्यांचं छोटं गॅरेज. आता सत्तरीचे आहेत, पण कान शाबूत. सगळी कहाणी ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "वहिनी, गाडीत वास येतोय का?"

येत होता. गेली दोन वर्षं येत होता. कोंदट, ओल्या फडक्यासारखा. त्यावर मी सुगंधी बाटली आणून लावली होती!

मिस्त्रींनी पुढच्या डाव्या सीटखालचं मॅटिंग उचललं. खाली ओलंचिंब. मग मला काचेसमोर नेलं. वायपरच्या खाली जाळी असते ना, पावसाचं पाणी तिच्यातून खाली जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांनी बाहेर पडतं. ती भोकं बकुळीच्या पानांनी गच्च बुजलेली. त्यांनी एक मग पाणी जाळीवर ओतलं, मला आत बसवलं आणि म्हणाले, "बघा आता." ब्लोअरच्या वाटेनं पाणी आत आलं, टप टप टप. आणि कुठे पडलं? सामान ठेवायच्या कप्प्यामागे, जिथं कम्प्युटर बसवलेला असतो तिथंच. पहिला त्यानंच गेला आणि साडेनऊ हजारांचा दुसराही.

"कम्प्युटर सहसा आपण होऊन मरत नसतोय वहिनी. त्याला कायतरी मारतंय. ते शोधल्याबिगर दुसरा बसवायचा म्हणजे तो पण मारायचा." कधी पाणी, कधी शॉर्ट झालेली कॉईल, कधी कुणी बॅटरीच्या वायरी उलट्या जोडलेल्या, कधी बॅटरी न सोडवता केलेलं वेल्डिंग.

हा कम्प्युटर (गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात) करतो काय, तेही त्यांनीच समजावलं. पूर्वीच्या गाड्यांत कार्बोरेटर असायचा, सकाळी चोक ओढायला लागायचा. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी धुराचे युरो निकष लवकर लागू करायला लावले, पुढे देशभर निकष कडक होत गेले आणि छोट्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला. त्याची जागा घेतली ह्या डबीनं. हवा किती आत आली, इंजिन किती तापलंय, चाक किती फिरलंय हे सेन्सर तिला कळवतात. त्यावरून पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ती ठरवते. आपण फोडणीत अंदाजानं हिंग घालतो, ही मोजून घालते, तेही सेकंदाला कितीतरी वेळा.

पाणी सापडलं म्हणून मिस्त्री तिथंच थांबले नाहीत. आधी बॅटरी मोजली. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत. मग फ्यूज, रिले, अर्थिंगच्या वायरी. अर्थिंग गंजलं तरी गाडी अशीच वेड्यासारखी वागते आणि बिचाऱ्या कम्प्युटरवर आळ येतो. मग सेन्सर. सेन्सरला कम्प्युटर पाच व्होल्ट देतो. ते येत नसतील तर कम्प्युटर गेला असं लगेच म्हणायचं नाही, कारण एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो एकटाच सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो. घरात एक इस्त्री बिघडली की सगळ्या खोल्यांत अंधार होतो ना, तसं. म्हणून त्यांनी एकेक सेन्सरचा कपलर काढून मीटर पाहिला. पाच काही आले नाहीत. तेव्हा कुठे म्हणाले, "हां, आता म्हणतो, गेलाय."

इतकं तपासायला त्यांना दीड तास लागला. पहिल्या गॅरेजात माझे तीन आठवडे गेले होते.

मग मी पिशवीतला जुना कम्प्युटर काढला. मिस्त्रींचा चेहरा खुलला! उघडून पाहिला तर आतल्या पट्टीवर हिरवट पुटं, कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यासारखी. तांब्याच्या बारीक रेषा दोन ठिकाणी खाऊन गेलेल्या. नुसतं एखादं कपॅसिटर फुगलं असतं किंवा टाका सुटला असता, तर दुरुस्त करणारी माणसं आहेत. हा त्याच्या पलीकडे गेला होता. पण त्याच्यावरचं लेबल शाबूत होतं, आणि आम्हाला तेच हवं होतं.

चष्मा लावून मी दोन्ही लेबलं शेजारी ठेवली. चौतीस वर्षं चेकवरचे आकडे ताडून पाहिलेले डोळे हो! पहिल्या गॅरेजनं बसवलेल्याचा नंबर जवळजवळ तोच, पण शेवटची दोन अक्षरं वेगळी. डबी तीच, कपलरही तोच, म्हणून बसला. आतला हिशेब मात्र दुसऱ्याच मॉडेलचा. थरथर आणि पेट्रोलची उधळपट्टी त्यामुळेच, असं मिस्त्रींचं मत. आमची गाडी साधी, चावीत चिप नाही, म्हणून ती सुरू तरी झाली. चावीत चिप असती तर परका कम्प्युटर चावीला ओळखतच नाही. मग चावी आणि तिला ओळखणारी डबी असा सगळा संच एकाच गाडीचा आणावा लागतो, नाहीतर जाणकाराकडून जुळवून घ्यावा लागतो.

मिस्त्रींनी मुंबईत कुर्ल्याला ओळखीच्या भंगारवाल्याला फोन लावला. त्यानं लेबलचा फोटो पाठवला. मी तो मोठा करकरून अक्षर न् अक्षर जुळवला. दोनदा फोटो परत पाठवला, तिसऱ्यांदा जुळलं. साडेचार हजार, आणि "चालला नाही तर परत घेणार" हे मी लिहून घेतलं. तोवर गाडीतली भोकं साफ झाली, मॅटिंग गच्चीवर वाळलं, कपलरच्या पिना पुसून स्वच्छ झाल्या.

पार्सल आलं त्या दिवशी मी गॅरेजातच स्टुलावर बसून होते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, मगच मिस्त्रींनी कपलरला हात लावला. पिनांना बोटसुद्धा लावू दिलं नाही कुणाला. जोडून झाल्यावर म्हणाले, "तुम्हीच मारा सेल्फ."

पकडलं. दुसऱ्याच फेऱ्यात पकडलं. दहा मिनिटं तशीच चालू ठेवली, पिवळा दिवा विझला तो विझलाच. मजुरी आठशे. मी हजाराची नोट पुढे केली. म्हणजे दोन पाचशेंच्या हो, जुनी सवय बोलण्यात राहते. त्यांनी दोनशे परत दिले.

बकूळ काही मी तोडणार नव्हते. ह्यांनी लावलेली आहे. गाडी चार हात पलीकडे लावते आणि दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन त्या जाळीतली पानं काढते. शेजारच्या वहिनी विचारतात, गाडीचे दात घासताय काय?

पुढच्या शनिवारी कागलला गेले. आईला बसवलं, पट्टा लावला. हायवेला लागेपर्यंत ती गप्पच होती, दोन्ही हातांनी पर्स धरून. मग नाक वर करून म्हणाली, "तुझी ती अत्तराची बाटली कुठं गेली गं? डोकं दुखायचं माझं त्यानं. इतके दिवस बोलले नाही."