तीस अक्षरांचा तुकडा

उन्हाने कातडी भाजते आणि उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून आपण त्यांची परस्पर सांगड घालतो: जो जास्त भाजतो त्याला धोका जास्त, ज्याला ऊन ‘लागतच नाही’ तो निर्धास्त. झेरोडर्मा पिगमेंटोझम हा दुर्मिळ आनुवंशिक आजार या हिशेबात बसत नाही. त्याच्या काही रुग्णांना दहा-पंधरा मिनिटांच्या कोवळ्या उन्हातही फोड येतात. काहींना मात्र बाकीच्यांइतकंच ऊन सोसतं. फक्त वयाच्या दुसऱ्या वर्षापासूनच चेहऱ्यावर आणि हातांवर काळसर ठिपके दिसू लागतात. न भाजणाऱ्या या दुसऱ्या गटात निदान उशिरा होतं, तोवर मूल उन्हात खेळत राहतं, आणि कर्करोग याच गटात लवकर व संख्येने जास्त आढळतात. हे असं का होतं ते समजण्यासाठी पेशीच्या आत, डीएनएपर्यंत जावं लागेल.

सूर्याच्या अतिनील किरणांचे तीन भाग करतात. सर्वांत प्रखर सी-किरण वरच्या हवेत, मुख्यतः ओझोनच्या थरात अडतात. बी-किरणांचा थोडाच हिस्सा जमिनीवर पोहोचतो आणि तो कातडीच्या वरच्या थरात जिरतो. ए-किरण भरपूर येतात, खोल जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्यापैकी पार होतात. डीएनएला थेट इजा करण्यात बी-किरण सर्वांत पुढे. ए-किरण हे काम कमी जोमाने करतात, पण सुरकुत्यांपासून पेशीतल्या रासायनिक ताणापर्यंत बाकीचे उद्योग त्यांचेच.

डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो: अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन. यांतले सायटोसिन आणि थायमिन आकाराने लहान. अशी दोन लहान अक्षरं एकाच धाग्यावर शेजारी-शेजारी असतील आणि त्यांनी अतिनील किरण शोषला, तर ती एकमेकांना चिकटतात. एरवी दोघांची तोंडं समोरच्या धाग्यावरच्या जोडीदाराकडे असतात, आता ती आपसातच बांधली जातात. या जोडगोळीला डायमर म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. ‘सहा-चार’ जोडीत धागा ठळकपणे वाकतो. ‘सायक्लोब्युटेन’ जोडीत तो जेमतेम मुरडतो. दुसरा प्रकार पहिल्याच्या काही पट जास्त बनतो आणि पुढची बहुतेक हानी त्याच्याच खात्यावर जमा होते. कारण साधं आहे, वाकलेला धागा सापडतो पटकन आणि मुरडलेला सापडत नाही.

डायमर म्हणजे उत्परिवर्तन नव्हे, हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं या फरकावर उभं आहे. डायमर ही जखम आहे आणि ती दुरुस्त होऊ शकते. ती दुरुस्त होण्याआधी पेशीने डीएनएची नक्कल केली आणि नकलेत भलतंच अक्षर बसलं, तर त्या अक्षराला अनुरूप जोडीदार पुढच्या नकलेत बसतो आणि चूक दोन्ही धाग्यांवर कायम होते. त्यानंतर ती चूक आहे हे ओळखण्याची कोणतीही खूण उरत नाही. हे उत्परिवर्तन. उन्हाची चूक बहुधा ठरावीक असते. डायमरमध्ये अडकलेल्या सायटोसिनचा एक रासायनिक गट लवकर गळून पडतो. एरवी ज्याला हजारो वर्षं लागली असती ते काही तासांत किंवा दिवसांत घडतं, आणि नक्कल करणारी यंत्रणा त्याला थायमिन समजून वाचते. परिणामी सायटोसिनच्या जागी थायमिन येतो, कधी शेजारच्या दोन सायटोसिनच्या जागी दोन थायमिन. हा जोडबदल इतर कारणांनी क्वचितच होतो, त्यामुळे तो दिसला की तिथे ऊन पोहोचलं होतं असं जवळपास खात्रीने म्हणता येतं.

आता दुरुस्तीकडे. माणसाच्या पेशीत डायमर सुटा करून जागच्या जागी नीट करण्याची सोय नाही. सदोष भाग कापून काढायचा आणि समोरचा धागा वाचून तो नव्याने लिहायचा, ही पद्धत. एक्सपीसी नावाचं प्रथिन धाग्यावरून फिरत राहतं आणि जिथे जोड्या नीट जुळलेल्या नाहीत तिथे थांबतं. मुरडलेला डायमर त्याच्या नजरेतून सुटू शकतो, म्हणून एक्सपीई त्याला तिथे नेऊन पोहोचवतं. मग एक्सपीबी आणि एक्सपीडी दोन्ही धागे उकलतात. एक्सपीए खातरजमा करतं. एक्सपीजी एका बाजूने आणि एक्सपीएफ दुसऱ्या बाजूने धागा कापतं, आणि जवळपास तीस अक्षरांचा तुकडा डायमरसकट बाहेर पडतो. समोरच्या धाग्याबरहुकूम नवी अक्षरं भरली जातात आणि टोकं जोडली जातात. दोन अक्षरांच्या दोषासाठी तीस अक्षरं टाकून देणं उधळपट्टी वाटेल, पण कोणत्याही आकाराच्या जखमेला ही एकच रीत लागू पडते. सिगारेटच्या धुरामुळे डीएनएला चिकटलेली रसायनंही अशीच निघतात. सहा-चार जोड्या काही तासांत साफ होतात. सायक्लोब्युटेनच्या निम्म्या निघायला साधारण दिवसभर लागतो. म्हणजे कालच्या दुपारचं काम पुरं व्हायच्या आत आजची दुपार उगवते.

ही यंत्रणा कशी चालते हे उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पण ती माणसाला कशापासून वाचवते हे त्याच्या बरंच आधी, रुग्णांमुळे कळलं होतं. व्हिएन्नातले त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कपोसी यांनी १८७०च्या दशकात झेरोडर्मा पिगमेंटोझमचं वर्णन केलं. पुढची नव्वदेक वर्षं ते वर्णनच राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर डीएनएच्या दुरुस्तीचा अभ्यास करत होते. या आजाराबद्दल वर्तमानपत्रात वाचल्यावर त्यांच्या मनात आलं की या रुग्णांत दुरुस्तीच बंद असेल तर? त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळवल्या, त्यांच्यावर अतिनील प्रकाश सोडला आणि १९६८ साली जाहीर केलं की या पेशी दुरुस्तीसाठी नवी अक्षरं जवळपास भरतच नाहीत. एक्सपीए, एक्सपीसी या नावांतलं ‘एक्सपी’ याच आजाराच्या आद्याक्षरांचं आहे. ए ते जी अशा सात जनुकांपैकी कोणतंही एक निकामी झालं तरी हा आजार होतो. अमेरिकेतल्या रुग्णांच्या दीर्घ पाहणीत विशीच्या आतल्या रुग्णांना त्वचेच्या साध्या कर्करोगांचा धोका इतरांच्या सुमारे १०,००० पट आढळला, आणि पहिल्या कर्करोगाचं मध्यम वय होतं नऊ वर्षं.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येता येईल. दुरुस्तीला हाक मारणारे दोन आहेत. एक्सपीसी सगळा डीएनए धुंडाळतं, वापरातला असो वा नसो. दुसरी हाक जनुक वाचणाऱ्या यंत्राकडून येते. ते डायमरपाशी अडकून पडलं की सीएसए आणि सीएसबी ही प्रथिनं दुरुस्तीपथकाला तिथे बोलावतात. एक्सपीसी निकामी असलेल्या मुलात दुसरी हाक शाबूत असते, त्यामुळे वापरातली जनुकं चालू राहतात, पेशी मरत नाहीत आणि कातडी भाजत नाही. बाकीच्या डीएनएत मात्र डायमर पडून राहतात आणि नकलेगणिक उत्परिवर्तनं साचतात. याउलट सीएसए किंवा सीएसबी बिघडलं तर कॉकेन सिंड्रोम होतो. ही मुलं उन्हाने फार भाजतात, त्यांची वाढ खुंटते, मेंदूवर परिणाम होतो, पण त्यांना त्वचेचा कर्करोग होत नाही. अडकलेल्या पेशी जगण्याऐवजी मरतात, आणि मेलेल्या पेशीचा कर्करोग होत नसतो. भाजणं हे मुख्यतः पेशी संकटात सापडल्याचं आणि मेल्याचं लक्षण आहे. कर्करोग जगलेल्या पेशीतून येतो. उन्हाच्या धोक्याबद्दल मला याहून महत्त्वाचं दुसरं काही वाटत नाही.

ब्राझीलच्या गोयास राज्यातलं अरारस हे खेडं तिसरी शक्यता दाखवतं. जेमतेम ८०० वस्तीत वीसहून अधिक जणांना झेरोडर्मा, कारण मोजकी घराणी आणि आपसातल्या सोयरिकी. शेतात राबणाऱ्या या माणसांपैकी काहींचं नाक, ओठ, गाल कर्करोगाने खाल्ले. त्यांची काप-जोड यंत्रणा मात्र धडधाकट आहे. बिघाड आहे पॉलिमरेज इटा या प्रथिनात. नक्कल करताना डायमर आडवा आला तर नेहमीचं यंत्र तिथे थांबतं. इटा ती जागा ओलांडून देतं, आणि थायमिनच्या जोडीसमोर बहुतेक वेळा योग्य तेच, म्हणजे दोन अॅडेनिन बसवतं. ते नसलं की दुसरी ढिसाळ प्रथिनं पुढे होतात आणि चुका करतात.

हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्याकडच्या घराण्यांत अशा दोन जनुकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. भारतातही असे रुग्ण आहेत आणि सावळा रंग त्यांना पुरेसा ठरत नाही. मेलॅनिन आत येणारा मारा कमी करतं, झालेली इजा भरून काढणं त्याचं काम नाही. अर्थात ज्यांची दुरुस्ती नीट चालते त्यांच्यासाठी हा आडोसा मोठाच, म्हणून आपल्याकडे त्वचेचे कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी आहेत. भारतीयांत मेलॅनोमा झालाच तर अनेकदा तळपायाला होतो, तिथे उन्हाचा संबंध क्वचितच लागतो.

निरोगी माणसातही दुरुस्ती पूर्ण होत नाही. १९९१ साली येलमध्ये डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांना त्वचेच्या निम्म्याहून अधिक स्क्वॅमस कर्करोगांत पी५३ जनुक बदललेलं आढळलं, काहींत तर दोन सायटोसिनांचे दोन थायमिन होऊन. पी५३ फार जखमी पेशीला मरायला लावतं. ते बिघडलेली पेशी मरत नाही. पुढच्या उन्हात शेजारच्या सुदृढ पेशी मरतात, जागा मोकळी होते आणि ही त्या जागेत पसरते. म्हणजे ऊन आधी चूक करतं आणि मग त्या चुकीला रानही मोकळं करून देतं. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटने २०१५ साली मध्यमवयीन व वृद्ध माणसांच्या पापण्यांची शस्त्रक्रियेत निघालेली निरोगी कातडी तपासली. तिच्यातल्या साधारण चौथा हिस्सा पेशींत कर्करोगाकडे नेऊ शकणारी उत्परिवर्तनं होती, पण कर्करोग कुठेच नव्हता. एका चुकीने भागत नाही, अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात जमाव्या लागतात. त्याला दशकं लागतात.

या साऱ्यात मूळ गुन्हेगार डायमरच, याचा सुरेख पुरावा उंदरांनी दिला. जीवाणू, वनस्पती, बेडूक, अगदी कांगारूंकडेही फोटोलायेज नावाचं प्रथिन असतं. ते निळ्या प्रकाशाच्या बळावर डायमरची गाठ थेट सोडवतं, काही न कापता. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांनी ते कधीतरी गमावलं. रॉटरडॅमच्या शास्त्रज्ञांनी कांगारूंच्या कुळातल्या पोटोरू या छोट्या प्राण्याचं हे जनुक उंदरांत घातलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसत्या सायक्लोब्युटेन जोड्या सोडवल्या तरी या उंदरांना अतिनील प्रकाशाने होणारे कर्करोग फार कमी झाले.

माणसांत असं जनुक कुणी घालत नाही, पण दुरुस्तीला बाहेरून हात देण्याचे प्रयोग झाले आहेत. टी४ या विषाणूचं डायमर कापणारं प्रथिन मलमात मिसळून झेरोडर्माच्या रुग्णांना वर्षभर लावलं, तेव्हा कर्करोगापूर्वीचे खरखरीत चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांनी घटलं. ऑस्ट्रेलियात ३८६ जणांवर दुसरी चाचणी झाली. या सगळ्यांना आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेले होते. दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि अतिनील मारा पेशीची ऊर्जाच आटवतो, म्हणून ती टिकवून धरणारं निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, त्यांतल्या निम्म्यांना दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम दिलं. वर्षभरात त्यांना नवे कर्करोग २३ टक्के कमी झाले. गोळ्या थांबवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत दोन्ही गटांत फरक उरला नाही.