निर्वासितांस शिधा कीं गिऱ्हाईक?

निर्वासितांचा प्रश्न निघाला कीं आपल्या घरांतून जुनीं धोतरें, लुगडीं आणि पायली-दोन पायली धान्य बाहेर काढलें जातें. तें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पहिला महिना उलटल्यावर काय? या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उत्तर, आमच्या मतें, दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथें मिळतें.

फाळणीनंतर बन्नू, कोहाट, डेरा इस्माइलखान या सरहद्द प्रांतांतील जिल्ह्यांतून आलेल्या सुमारें ३०,००० लोकांस तेथें वसविण्याचें ठरलें. त्यासाठीं १९४९ सालीं नेमलेल्या मंडळाच्या कारभारांत खुद्द पंडित नेहरू लक्ष घालीत. श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते मदतीस आले. घरें मक्तेदारांकडून न बांधवितां तें काम निर्वासितांच्याच सहकारी संस्थांस द्यावें, असा त्यांचा आग्रह होता. सरकारी बांधकाम खात्यास मक्तेदारांचीच संवय. काल दुकानाच्या गादीवर बसणारा मनुष्य आज भिंत काय रचणार, असें कोणासही वाटलें असतें. पण भिंती उभ्या राहिल्या, आणि फुकटच्या शिध्याची जागा मजुरीनें घेतली.

खरी मेख पुढेंच आहे. घरें पुरीं होत आलीं तसें बांधकाम आटलें, आणि ज्यांचें एकमेव गिऱ्हाईक सरकार, त्या संस्थांचे हात रिकामे झाले. मजुरी हें स्वावलंबनाचें अर्धेंच अंग. दुसरें अंग म्हणजे अनोळखी मनुष्यानें मालाच्या गुणावर मोजलेला पैसा. युनियनला हें उमगलें असावें. १९५२ च्या सुमारास दिल्लींतील सरकारी कुटिरोद्योग भांडार तिनें चालविण्यास घेतलें, व कारागिरांचा माल खपविणें हेंच आपलें मुख्य काम मानलें.

कल्याणची छावणी तर आपल्या दाराशींच. १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. महायुद्धांतील लष्करी बराकींत उतरलेल्या सिंधी कुटुंबांतील बायका पापड लाटीत. पुरुष व मुलें ते आगगाडींतून, दारोदार विकीत. नफा थोडा, खप मोठा, ही त्यांची रीत. आपल्यांतील कित्येक सुशिक्षितांनीं या फेरीवाल्यांस पाहून नाकें मुरडलीं, आणि माजघरांतील मंडळींनीं (त्या अधिक शहाण्या) घासाघीस करून पापड घेतले. पुढच्या आठवड्यास तोच विक्रेता पुन्हा दाराशीं येई. त्याला आतां एक नेहमींचें गिऱ्हाईक मिळालें होतें.