कुलगुरूंची सही

भाईंदर स्टेशनहून निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत उत्तनच्या पुढे चौकला पोचते. वर धारावीचा किल्ला, खाली किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या. फोर्टातल्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर इथून फार लांब. तरी या गावातल्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर बहुधा मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंचीच सही असते. थेट सिंधुदुर्गापर्यंत, सात जिल्ह्यांत हीच सही चालते.

१८५७ साली विद्यापीठ स्थापन झालं ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यापुरतं. शिकवायचं काम कॉलेजांचं. त्यामुळे कुलगुरूपद मानाचं आणि बिनपगारी. हायकोर्टाचं काम सांभाळून न्यायमूर्ती ते निभावून नेत. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले, तेही हायकोर्टाचे न्यायाधीशच होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या जागी रा. गो. भांडारकर आले. विद्वत्ता हीच तेव्हा या खुर्चीची पात्रता होती.

डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ ते २००० कुलगुरू होत्या. त्या लहान मुलांच्या शल्यविशारद, शीव रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता. पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव घालण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला. कागदावर एका नावाची भर, एवढीच गोष्ट. पण कुलगुरूंचा निर्णय घरोघरी पोचल्याची इतकी ठळक उदाहरणं थोडीच सापडतील.

२०१७ साली नेमकं उलटं घडलं. कुलगुरू संजय देशमुख यांनी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सगळ्या परीक्षांना लावली. कल्पना वाईट नव्हती, घाई वाईट होती. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. प्राध्यापकांना सराव नाही, स्कॅनिंगचा गोंधळ वेगळाच. कुलपती या नात्याने राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. निकालाविना पुढचे प्रवेश अडले. २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी देशमुखांना पदावरून दूर केलं. परीक्षा घेण्यासाठीच जन्मलेल्या विद्यापीठाचा कुलगुरू एकशे साठाव्या वर्षी परीक्षेपायीच गेला!

माझ्या मते दोष एका माणसावर ढकलून प्रश्न मिटत नाही. २०१६ च्या कायद्याने कुलगुरूला पाच वर्षं मिळतात, तीही वयाच्या पासष्टीपर्यंतच. शेकडो कॉलेजांची संलग्नता, रिकाम्या प्राध्यापकपदांची रड, अधिसभेतलं राजकारण, वर मंत्रालय आणि राज्यपाल. संशोधनासाठी नावाजलेला माणूस निवडायचा आणि त्याला निकालाच्या तारखा मोजायला बसवायचं, अशी ही रीत आहे.

खुर्ची रिकामी झाली की आणखी गंमत. २०१७ मध्ये मुंबईचा अतिरिक्त कार्यभार गेला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे. २०२२ मध्ये सुहास पेडणेकरांची मुदत संपली, तेव्हा पुन्हा कोल्हापूरचेच कुलगुरू, दिगंबर शिर्के. पूर्णवेळ कुलगुरू म्हणून रवींद्र कुलकर्णी आले ते जून २०२३ मध्ये. मधले नऊ महिने एकाच माणसाने दोन विद्यापीठांच्या फायली पाहिल्या, एक पंचगंगेकाठची, दुसरी अरबी समुद्राकाठची.